पोहरा पाण्यात हलका का लागतो? घनता आणि प्लावक बल, स्वयंपाकघरातल्या काट्यावर

विहिरीवर पाणी शेंदलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. भरलेला पोहरा पाण्याखाली असतो तोवर दोर दोन बोटांनीही वर येतो. पोहऱ्याचा काठ पाण्याबाहेर आला की हाताला ओढ बसते आणि अख्खा पोहरा बाहेर आला की खांदा बोलायला लागतो. पोहरा तोच, पाणीही तेच. मग हे दहा किलो इतका वेळ कुठे होते?

शाळेत याचं उत्तर एका वाक्यात पाठ करून घेतात: द्रवात बुडालेली वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. पाठ होतं, पण हाताला लागत नाही. थोडा घोळ आपल्या बोलण्यातही आहे. गव्हाचं पोतंही 'जड' आणि शिसंही 'जड'. पोतं जड म्हणजे एकूण वजन जास्त. शिसं जड म्हणजे एवढ्याशा तुकड्यात वजन जास्त. तरंगण्या-बुडण्याचा संबंध या दुसऱ्या जडपणाशी आहे. त्यालाच घनता म्हणायचं: वस्तूचं ग्रॅममधलं वजन भागिले तिचं घन सेंटिमीटरमधलं (पुढे 'घसेंमी') आकारमान. पाण्याची घनता १. बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी.

(वजन आणि वस्तुमान यांतला फरक मला माहीत आहे. स्वयंपाकघरात तो आड येत नाही, म्हणून इथे सरसकट 'वजन'च म्हणतो.)

सामान

डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलो क्षमतेचा. केक करणाऱ्यांच्या घरी असतोच. शिवाय एक रुंद तोंडाचा काचेचा पेला किंवा बरणी, शिवणाचा दोरा, मीठ, शेंगदाणा तेल, एक ताजं अंडं, एक बटाटा, पितळी बत्ता आणि शीतपेयाची एक स्ट्रॉ. काटा सपाट ओट्यावर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने आकडा एक-दोन ग्रॅम नाचतो आणि मग उगाच सिद्धांतावर शंका यायला लागते.

आधी बोट बुडवा

पेल्यात निम्म्याहून जास्त पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा. बटण दाबून आकडा शून्यावर आणा. आता तर्जनी पाण्यात सोडा. तळाला लागू द्यायची नाही, कडेलाही नाही. दुसऱ्या पेरापर्यंत बुडवली की काटा ८-१० ग्रॅम दाखवतो.

इथे क्षणभर थांबा. तुम्ही पेल्यावर काही ठेवलेलं नाही, दाबही दिलेला नाही. बोट हाताला जोडलेलं आहे, त्याचं वजन तुम्हीच पेलताय. तरी आकडा वाढला, कारण पाणी बोटाला वर ढकलतंय आणि जेवढं ढकलतंय तेवढंच स्वतः खाली दाबलं जातंय. काट्याला तो दाब कळतो. आकडा ९ असेल तर बोटाने ९ ग्रॅम पाणी सारलं, म्हणजे बोटाचं बुडालेलं आकारमान ९ घसेंमी. पुस्तकातलं प्लावक बल ते हेच, आणि ते तुमच्यासमोर आकड्यात आहे. पुढचं सगळं या एका युक्तीवर उभं आहे.

बत्त्याची घनता काढू

एक. बत्ता कोरडा करून सरळ काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. माझ्या घरचा ५१२ ग्रॅमचा आहे.

दोन. बत्ता पूर्ण बुडेल एवढी खोल, पाण्याची बरणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा.

तीन. बत्त्याच्या मानेला दोरा बांधून तो बरणीत अलगद सोडा. पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. दोरा हातात धरला तर हात थरथरतो. डब्यांच्या दोन चळतींवर लाटणं आडवं ठेवून त्याला बांधला की काम सोपं होतं.

चार. पितळेला चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून झटका. मग आकडा वाचा. माझा आला ६१.

५१२ भागिले ६१ म्हणजे ८.३९. पितळेची घनता तांबं-जस्ताच्या प्रमाणानुसार साधारण ८.४ ते ८.७ असते, म्हणजे बत्ता खरा निघाला. पोलादी वस्तू असेल तर उत्तर ७.८-८ च्या आसपास येईल, ॲल्युमिनियमची २.७ आणि सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचा भरीव तुकडा घेतलात तर २.९ च्या जवळपास. दगडात बारीक भोकं असतील तर बरंच कमी येईल. ती चूक तुमची नाही, भोकांतली हवाही मोजली गेली एवढंच.

आता मुद्दाम दोरा सैल सोडून बत्ता तळावर टेकू द्या. आकडा टुणकन ५१२ वर जाईल. लटकत्या वस्तूचं फक्त सारलेलं पाणी मोजलं जातं, टेकलेल्या वस्तूचं पूर्ण वजन. मुलांसोबत हा प्रयोग करताना निम्म्या वेळा गफलत इथेच होते.

अचूकतेचा हिशोबही आत्ताच मनात ठेवा. काटा एका ग्रॅमने चुकू शकतो. वस्तू ६० घसेंमीची असेल तर ती चूक दोन टक्क्यांहून कमी. ५ घसेंमीची असेल तर वीस टक्के. म्हणून या काट्यावर छोट्या वस्तूंच्या नादी लागू नका.

आणि हो, सोनं

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग माझी अंगठी खरी आहे का बघू?" नका बघू. ५ ग्रॅमची २२ कॅरटची अंगठी सुमारे ०.२८ घसेंमी असते, १८ कॅरटची सुमारे ०.३२. फरक चार शतांश ग्रॅमचा. तो पकडायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटाही जेमतेम पुरतो. शिवाय खडे, डाक (सांधे जोडायचा धातू), आत भरलेली लाख या सगळ्यांनी उत्तर बिघडतं. आणि टंगस्टनची घनता १९.२५, शुद्ध सोन्याची १९.३. फसवणाऱ्याला हे माहीत असतं.

राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हे आर्किमिडीजने पाण्याने ओळखल्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रुव्हिअस या रोमन लेखकाकडून, आर्किमिडीजनंतर सुमारे २०० वर्षांनी. त्या गोष्टीत तो काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजतो. करून बघा हिशोब. एक किलो शुद्ध सोनं ५२ घसेंमी पाणी सारेल. त्यात ३०० ग्रॅम चांदी मिसळली असेल तर ६५. फरक १३ घसेंमीचा. वीस सेंमी व्यासाच्या भांड्यात एवढ्या पाण्याने पातळी अर्धा मिलिमीटरही हलत नाही. तरुण गॅलिलिओला १५८६ मध्ये नेमकं हेच खटकलं होतं. त्याचं म्हणणं, असल्या ढोबळ रीतीने हे जमणारं काम नाही. आर्किमिडीजने वस्तू पाण्यात लटकवून तराजूवरच तोलली असणार. आपल्या काट्यावर तोच १३ ग्रॅमचा फरक ठळक दिसतो.

तरंगणाऱ्या वस्तू आणि बटाटा

सफरचंद पाण्यात सोडलं तर काटा त्याचं पूर्ण वजन दाखवतो, कारण तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकंच पाणी सारते. आकारमान हवं असेल तर विणायच्या सुईने ते जेमतेम पाण्याखाली दाबून धरा. तेव्हाचा आकडा म्हणजे आकारमान.

बटाटा मात्र बुडतो. १८० ग्रॅमचा बटाटा लटकवला आणि आकडा १६७ आला, तर घनता १.०८. हा आकडा निरुपयोगी नाही. वेफर्सवाले बटाट्याची घनता बघूनच माल घेतात. घनता जास्त म्हणजे पाणी कमी, पिठूळपणा जास्त, तळताना तेल कमी पितो आणि वेफर कुरकुरीत होतो. १.०८ च्या वरचा बटाटा वेफर्सला चांगला. उन्हाळी वाळवणाआधी पाच किलो घेऊन घरी आल्यावर कळून उपयोग नाही, पण दोन दुकानांतला एकेक बटाटा आणून तपासायला काय हरकत आहे?

द्रवांची घनता

तेलाच्या एक लिटरच्या पाकिटावर बहुतेक वेळा '९१० ग्रॅम' असंही छापलेलं असतं. घनता तिथेच लिहिलेली आहे: ०.९१. खात्री करायची तर तोच बत्ता तेलाच्या बरणीत लटकवा. पाण्यात ६१ आलेला आकडा तेलात ५५-५६ येईल. तेलातला आकडा भागिले पाण्यातला आकडा, झाली तेलाची घनता.

तेल काढलंच आहे तर त्यात बर्फाचा एक खडा टाका. बर्फाची घनता तेलाच्या जवळजवळ बरोबरीची. खडा जेमतेम तरंगतो, कधी अधांतरी रेंगाळतो. थोड्या वेळाने त्याच्या बुडाशी पाण्याचा एक गोल थेंब जमतो, लोंबतो, सुटतो आणि तेलातून सावकाश तळाला जातो. मग दुसरा. तेच पाणी गोठलेलं होतं तेव्हा वर होतं, वितळलं की बुडलं. पाच मिनिटं नुसतं बघत बसावं असं आहे.

आता स्ट्रॉ. तिचं एक टोक कणकेच्या किंवा एम-सीलच्या गोळीने पक्कं बंद करा आणि आत दोन-तीन छोटे खिळे टाका, म्हणजे ती उभी तरंगेल. पाण्यात १० सेंमी बुडेल असं वजन जमवून तिथे खूण करा. आता ती कुठल्याही द्रवात १० भागिले घनता इतके सेंटिमीटर बुडेल: तेलात ११, दाट मिठाच्या पाण्यात सव्वानऊ, दुधात ९.७.

दुधाचा फरक फक्त तीन मिलिमीटरचा. म्हणून दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरला खाली फुगीर गोळा आणि वर बारीक मान असते: आकारमानातला किंचित फरकही मानेवर लांबच लांब दिसावा. त्यावरचा २८ म्हणजे घनता १.०२८. डेअरीवर 'डिग्री किती लागली' विचारतात ती हीच. गाईच्या चांगल्या दुधाला साधारण २८ ते ३२ लागते. ३० डिग्रीच्या ८० भाग दुधात २० भाग पाणी घातलं की ती २४ वर येते.

मात्र लॅक्टोमीटरला फसवणं सोपं आहे. साय दुधापेक्षा हलकी असते, म्हणून साय काढली की डिग्री वाढते. मग बेताचं पाणी घातलं की डिग्री पुन्हा जागेवर! साय गेली, पाणी आलं आणि आकडा निर्दोष. म्हणून तर संकलन केंद्रावर फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) वेगळे मोजतात. घरी लॅक्टोमीटर वापरत असाल तर दूध त्या उपकरणावर लिहिलेल्या तापमानाला आणा. गरम दूध पसरतं आणि डिग्री कमी दाखवतं. बिचाऱ्या गवळ्यावर उगाच आळ येतो.

जहाज म्हणजे तरी काय, मोठा लॅक्टोमीटरच. कोलकात्याला हुगळीच्या गोड्या पाण्यात माल भरलेलं जहाज बंगालच्या उपसागरात गेलं की थोडं वर उचललं जातं, कारण समुद्राचं पाणी १.०२५. म्हणून जहाजाच्या कुशीवर गोड्या पाण्याची भाररेषा (जहाज कुठवर बुडू द्यायचं ती खूण) वेगळी रंगवलेली असते.

अंडं, मीठ आणि भाताचं बियाणं

ताज्या अंड्याची घनता सुमारे १.०८. पेलाभर, म्हणजे २५० मिलि पाण्यात ते आडवं पडून राहतं. आता मीठ घालत जा, दरवेळी पूर्ण विरघळवा. ३०-३५ ग्रॅमच्या सुमारास अंडं डुलत वर येतं. अंड्याला काहीच झालेलं नाही, पाणी बदललं. या खाऱ्या पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी अगदी हळू ओतलंत तर अंडं दोन थरांच्या सीमेवर, पेल्याच्या मधोमध लटकून राहतं.

जुनं अंडं साध्या पाण्यातही उभं राहतं किंवा तरंगतं. कवचाच्या बारीक छिद्रांतून ओलावा उडून जातो, आतली हवेची पोकळी वाढते. आकारमान तेच, वजन कमी. यावरून अंड्याचं वय कळतं, ते नासलंय की नाही हे फोडल्यावर नाकालाच कळतं.

हीच रीत भाताच्या बियाण्याला लावतात. मिठाच्या ३ टक्के द्रावणाची शिफारस महाराष्ट्रात शेतकऱ्यांना केली जाते. कृती अशी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून पूर्ण विरघळवा. त्यात बियाणं ओता, हाताने चांगलं ढवळा आणि पाणी स्थिर होऊ द्या. वर आलेले पळंज, पोचट, रोगट दाणे गाळणीने काढून टाका. तळातलं बियाणं लगेच बाहेर काढून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. हे धुणं टाळू नका, मीठ राहिलं तर उगवण बिघडते. मग २४ तास सावलीत वाळवा आणि त्यानंतर जी काही बीजप्रक्रिया करायची ती करा.

नुसत्या पाण्यात का नाही? अगदी पोकळ दाणे पाण्यातही वर येतात, पण अर्धवट भरलेला दाणा पाण्यापेक्षा किंचित जड असतो आणि तो चांगल्यांच्या पंगतीत तळाला जाऊन बसतो. मिठाने पाण्याची घनता १.०२ होते, उत्तीर्ण होण्याची रेघ थोडी वर सरकते. तामिळनाडूत याहून कडक परीक्षा घेतात: ताजं अंडं तरंगेपर्यंत पाण्यात मीठ घालत राहायचं आणि मग बियाणं सोडायचं. तिथे अंडं हाच लॅक्टोमीटर. आपल्या तीन टक्क्यांच्या द्रावणात मात्र ताजं अंडं बुडालेलंच राहील. ते वर आलं तर एक तर मीठ फार झालंय किंवा अंडं शिळं आहे.

पुरी, संत्रं आणि एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड

लाटलेली पुरी कढईत सोडली की आधी तळाला जाते. आतल्या पाण्याची वाफ होते, पुरी फुगते आणि त्याच क्षणी वर येते. वजन किंचित कमीच झालेलं असतं, पण आकारमान कितीतरी पटींनी वाढलेलं. न फुगलेली पुरी वर यायला उशीर करते, हे झारा हातात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

नागपुरी संत्रं सालीसकट तरंगतं. त्याची साल सैल, आत हवा खेळती. सोलून फोडी सुट्या करून टाकल्या की बहुतेक फोडी तळ गाठतात. सालीचं वजन उतरवल्यावर फळ बुडलं, हे मुलांना पटवायला वेळ लागतो.

आणि तो मेसेज: 'पाण्यात बुडणारा आंबा नैसर्गिक, तरंगणारा केमिकलने पिकवलेला.' झाडावर पूर्ण भरलेल्या हापूसची घनता १ च्या किंचित वर जाते आणि तो बुडतो. कोवळा उतरवलेला तरंगतो. तेव्हा या चाचणीने फळ नीट भरल्यावर उतरवलंय का, याचा अंदाज येतो. पुढे ते कशाने पिकवलं हे पाण्याला कसं कळणार? भरलेला आंबाही केमिकल लावून पिकवता येतो आणि तरीही तो बुडेलच.

पाठीला डबा

आम्ही गावच्या विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पाच लिटरचा रिकामा डबा चारशे ग्रॅमचा धरला, तर तो पूर्ण बुडाल्यावर ४.६ किलोची उचल देतो. साठ किलोच्या माणसाला एवढीशी उचल कशी पुरते? कारण छाती भरून श्वास घेतलेला माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच, सोडला की बुडतो. डब्याला सावरायचं असतं ते मुख्यतः पाण्याबाहेर काढलेलं डोकं, चार-पाच किलोचं. त्यामुळेच घाबरून दोन्ही हात वर करणारा खाली जातो: बाहेर काढलेला प्रत्येक अवयव पाणी सारायचं थांबवतो आणि त्याचं पूर्ण वजन बाकीच्या शरीरावर पडतं.

माझ्या डब्याचं झाकण एकदा सैल राहिलं होतं. पाठीमागे 'बुड बुड' आवाज यायला लागला आणि मी हळूहळू हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत खाली. लिटरभर पाणी आत शिरलं की उचल किलोभराने कमी होते. काकांनी कासोट्याला धरून काठाला लावलं. म्हणून डबा बांधणार असाल तर आधी तो बादलीत पाच मिनिटं दाबून धरा, बुडबुडे येतात का बघा, आणि पट्टीचा पोहणारा सोबत असल्याशिवाय विहिरीत उतरू नका. लाइफ जॅकेट मिळत असेल तर डब्याची हौस सोडा.

पोहऱ्याचा हिशोबही आता जुळतो. पाण्यातल्या पाण्याला दोराच्या लेखी वजनच नाही, कारण ते जेवढं वजनाचं तेवढंच त्याला बाहेरचं पाणी उचलून धरतं. दोर पेलतो तो फक्त पोहरा, तोही सवलतीत: एक किलोचा पोलादी पोहरा पाण्यात सुमारे ८७० ग्रॅमचा.

शेवटचं कोडं

वीस सेंमी व्यासाचं खोल पातेलं निम्म्याहून जास्त पाण्याने भरा. लिटरभराच्या स्टीलच्या डब्यात बत्ता ठेवा आणि डबा त्या पाण्यात तरंगत सोडा. पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. आता बत्ता डब्यातून काढून पातेल्याच्या तळाशी ठेवा, रिकामा डबा तरंगू द्या. पातळी वर जाईल, खाली जाईल की तिथेच राहील? घरातल्या सगळ्यांना आधी उत्तर द्यायला लावा; माझ्याकडे दरवेळी 'तिथेच राहील' जिंकतं.

डब्यात असताना बत्त्यापायी ५१२ घसेंमी पाणी सारलं जात होतं. तळाशी गेल्यावर तो फक्त स्वतःच्या आकारमानाचं, ६१ घसेंमी सारतो. उरलेले ४५१ भागिले पातेल्याचं क्षेत्रफळ ३१४. पातळी खुणेच्या जवळपास दीड सेंटिमीटर खाली उतरलेली दिसेल. आणि पातेलं काट्यावर असेल तर काट्याचा आकडा ग्रॅमभरही हललेला नसेल.